साडेतीन फूट फिल्म

मित्रांनो, तुम्ही मला ओळखलं नाही तर मी रागावणार नाही. तुमच्या वयाच्या एका मुलीने मला शिलाई मशीन समजून माझ्यात सुई शोधली होती. मी प्रोजेक्टर आहे, तोही जुना, हिरव्या पत्र्याचा. चालू झालो की खडखडतो आणि तापतो, त्यामुळे माझ्याशेजारी बसणाऱ्याला हिवाळ्यात बरं वाटतं. भिंतीवर चित्र पाडणं हे माझं काम. त्या कामात मी एकदाच गुन्हेगार झालो, आणि तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

शिकागोजवळच्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्याबरोबरचे बरेच जण शाळांमध्ये आणि चर्चमध्ये गेले. माझ्यात मात्र एक जास्तीची कळ होती. ती दाबली की फिल्म उलटी चालायची. पडलेला माणूस जमिनीवरून उठून उभा राहायचा, सांडलेलं दूध पेल्यात परत जायचं. कारखान्यातली माणसं ही गंमत बघून पोट धरून हसायची. मलाही माझा फार अभिमान वाटायचा. या कळीमुळेच मला फुटबॉल शिकवणाऱ्या माणसाकडे पाठवलं गेलं.

ओहायोतल्या एल्डन कॉलेजात व्यायामशाळेच्या तळघरात माझं टेबल होतं. तिथे घामट कपड्यांचा, मलमाचा आणि शिळ्या कॉफीचा वास असे. आमच्याकडचा फुटबॉल पायांपेक्षा खांद्यांनी जास्त खेळतात. चेंडू छातीशी धरून धावायचं आणि समोरच्यांनी अंगावर आदळून पाडायचं. कोण कुठे चुकला हे मैदानावरच्या गर्दीत कळत नाही, ते दुसऱ्या दिवशी माझ्या उजेडात कळतं. म्हणून मुख्य कोच ऑर्विल टॅलमॅज यांचा माझ्यावाचून दिवस जात नसे. चौतिशीचे, काटकुळे, कानामागे पेन्सिल आणि तोंडात पेपरमिंट. माझी काच ते स्वतःच्या टायच्या टोकाने पुसायचे. बायको नोरीन टायवरचे डाग बघून वैतागायची, पण त्यांनी सवय सोडली नाही. खेळाडूंची चूक दिसली की ते ओरडत नसत. फिल्म मागे घ्यायचे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि विचारायचे, "आता तूच सांग, काय चुकलं?" पोरं मान खाली घालून सांगायची. मला वाटायचं, याच्यासारखा सरळ माणूस दुसरा नाही.

तेव्हा कोच लोकांमध्ये एक रीत होती. येत्या शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांना आपल्या मागच्या सामन्याची फिल्म द्यायची आणि त्यांची आपण घ्यायची. रविवारी दुपारी दोन्ही गावांच्या मधल्या पेट्रोल पंपावर दोघे जण भेटत, डबे बदलत आणि आपापल्या वाटेने जात. सामना झाला की डबे परत मिळत. कुणी डबा उघडून बघत नसे. फिल्ममध्ये कात्री घालणं म्हणजे जेवायला बोलावून रिकामं ताट पुढे करण्यासारखं मानलं जाई. आमच्या बाजूने हा डबा नेण्याचं काम सहायक कोच गिब सॉर्ली करायचा. गोल चेहऱ्याचा, सदा खाणारा, सदा चेष्टा करणारा.

पहिली दोन वर्षं आमची वाईट गेली. गावातली माणसं न्हाव्याच्या दुकानात कोचना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या जागी कुणाला आणावं याची चर्चा करायची. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९६६ च्या शरदात, नशीब फिरलं. सातपैकी सात सामने जिंकले. आठवा सामना नदीपलीकडच्या कॉलेजशी, आणि तो बघायला दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठाची दोन माणसं येणार होती. कोच आवडले तर त्यांना घेऊन जाणार होती. हे सगळं यश मुख्यतः एका मुलाच्या खांद्यांवर उभं होतं. डॅरिल बेंडर त्याचं नाव. वीस वर्षांचा, रुंद पाठीचा, लाजाळू. चेंडू त्याच्या हातात गेला की तीन जण लोंबकळले तरी तो चार पावलं पुढे जायचाच.

सातव्या सामन्यानंतरच्या रविवारी सकाळी कोच एकटेच आले. फिल्म नुकतीच धुऊन आली होती, तिला अजून औषधाचा वास होता. अर्धी फिल्म सरली आणि त्यांनी ती उलटी घेतली. मग पुढे. मग पुन्हा उलटी. मी मोजलं, अकरा वेळा. भिंतीवर दिसत होतं ते असं: एकमेकांवर पडलेल्या खेळाडूंच्या ढिगाऱ्याखालून डॅरिल उठतो. त्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूला कुणाचा तरी गुडघा जोरात बसलाय. बाकी सगळे पलीकडे आनंदाने नाचताहेत, कारण गुण मिळालाय. डॅरिलच्या हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा सुटलाय. तो लावायला तो हात नेतो आणि हात हवेतच जातो. पुन्हा नेतो, पुन्हा हवेत. तिसऱ्यांदाही तसंच. मग तो भलत्याच दिशेला चालू लागतो आणि एक मित्र त्याची बाही धरून त्याला वळवतो. एवढंच. सहा सेकंद.

तेवढ्यात गिब डोनटची पिशवी घेऊन आला.

"काय हो कोच, एवढं काय बघताय? नोरीनबाईंनी घराबाहेर काढलं की काय?"

"बेंडरकडे बघ."

गिबने बघितलं. त्याचं चावणं थांबलं. "परत लावा," तो म्हणाला. मी परत दाखवलं. "अहो, याला पट्टा सापडत नाहीये. याला लागलंय. चर्च सुटलं की डॉक्टर येतीलच, त्यांना हे दाखवू या."

"नंतर दोनदा धावला तो. काल जेवला पण व्यवस्थित. मी विचारलं, तर म्हणाला, ठीक आहे."

"तो विसाचा आहे. पाय तुटला तरी ठीक आहे म्हणेल."

"डॉक्टर त्याला बाकावर बसवतील, गिब."

"मग बसवू देत."

कोचनी पेपरमिंट दाताखाली फोडलं. "आणि हाच डबा आज दुपारी नदीपलीकडे जाणार. बेंडरच्या डोक्याला मार बसलाय हे त्यांना कळलं, तर अकराच्या अकरा जण पहिल्या क्षणापासून त्याच्या डोक्यावर जातील. हे दिसता कामा नये. मी त्याला वाचवतोय, कळतंय का तुला?"

"मग बसवूनच वाचवा की!" गिब म्हणाला.

कोचनी खणातून कात्री काढली. साडेतीन फूट फिल्म कापली, दोन्ही टोकं चिकटवली आणि कापलेला तुकडा राखदाणीत जाळला. फिल्म जळताना घाण वास येतो. गिबने दार उघडून धरलं.

दहा वाजता कॉलेजचे म्हातारे डॉक्टर आले. दर रविवारी ते अशी फिल्म बघायचे, कुणी लंगडतंय का, कुणाचा खांदा उतरलाय का ते पाहायला. मी त्यांना सगळी फिल्म दाखवली. जोड आला तिथे बारीकसा टक् आवाज झाला. डॉक्टर म्हणाले, "बेंडरचा पोरगा काय धावतो हो!" आणि टोपी घालून निघून गेले. मित्रांनो, माझ्यात फिल्म अडकणं ही रोजचीच भानगड होती. आठवड्यातून दोनदा तरी मी अडकायचो. त्या सकाळी अडकलो असतो तर कदाचित कुणीतरी विचारलं असतं, इथे काय झालं? त्या सकाळी मी कधी नव्हे इतका सुरळीत चाललो. दुपारी गिब डबा घेऊन पंपावर गेला.

पुढच्या शनिवारी आम्ही जिंकलो. पोरांनी कोचना खांद्यावर घेतलं. डॅरिल त्यात नव्हता. उत्तरार्धात एका साध्या धक्क्याने तो खाली बसला होता आणि पुन्हा उठला नव्हता. तो धक्का मी नंतर फिल्मवर बघितला. त्याने एखादं लहान मूलही पडलं नसतं.

सोमवारी तळघराचं दार आतून लावून गिब उभाच राहिला. त्या दिवशी त्याच्या हातात खायला काही नव्हतं.

"हॉस्पिटलमधल्या सर्जननी काय विचारलं ते ऐकलंत ना तुम्ही? 'याआधीच्या आठवड्यात डोक्याला काही लागलं होतं का?' असं विचारलं. आणि त्याचा बाप काय म्हणाला?"

कोचनी कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"म्हणाला, रविवारी दुपारी आम्ही अंगणातल्या मेपलची फांदी कापत होतो, ती मी सोडली ती त्याच्या डोक्याला घासून गेली. म्हणाला, माझ्याच हातून झालं. आणि तुम्ही टोपी हातात घेऊन तिथेच उभे होतात, कोच!"

"तेव्हा बोलून काय झालं असतं? पोरगं बरं झालं असतं?"

"पोराचं काही झालं नसतं. बापाचं झालं असतं."

"मग तू का नाही बोललास?"

गिब खुर्चीवर बसला. "डबा मीच पोचवला ना," तो म्हणाला. "माझं तोंड उघडत नाही."

वसंतात गिबने कॉलेज सोडलं आणि मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकायला बसला. पुन्हा तो कधी तळघरात आला नाही. काही वर्षांनी तो वारल्याचं मी कोचच्या तोंडून ऐकलं. डॅरिल जगला. पण उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळू लागलं, आणि नवी गोष्ट त्याच्या डोक्यात टिकेनाशी झाली. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी गेलेलं असे.

कोचना दक्षिणेतलं मोठं पद मिळालं. एल्डनने निरोपाला सोन्याचं घड्याळ देऊ केलं, तर ते म्हणाले, मला तो प्रोजेक्टर आणि त्या वर्षीच्या फिल्म द्या. लोकांना हे साधेपणाचं लक्षण वाटलं. मला वाटतं, मी दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नये अशी त्यांची इच्छा होती.

तिथे ऐंशी हजार माणसं सामन्याला यायची. पहिली तीन वर्षं लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. हॉटेलात त्यांच्याकडून जेवणाचे पैसे घेत नसत, नव्या जन्मलेल्या मुलांची नावं ऑर्विल ठेवत. पण मी त्यांना अंधारात बघत होतो. ते खेळ बघेनासे झाले होते. फिल्म लावली की त्यांचे डोळे चेंडूवर नसत, पडलेल्या मुलाच्या हातांवर असत. कुणी उठताना जरा डगमगला की त्याला बाहेर. कुणी डोळे चोळले की बाहेर. चौथ्या वर्षी सगळ्यात मोठ्या सामन्यात शेवटची दोन मिनिटं उरली असताना त्यांच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूचा हात हनुवटीच्या पट्ट्यावरून दोनदा घसरला. कोचनी त्याला बाहेर बसवलं. बदली मुलाच्या हातून चेंडू निसटला आणि सामना गेला. बसवलेल्या मुलाला काहीसुद्धा झालेलं नव्हतं, त्याचे हात थंडीने बधिरले होते.

दुसऱ्या दिवशी कोचच्या अंगणात 'घर विकणे आहे' असे सतरा फलक लोकांनी आणून रोवले होते. आमच्याकडे हरणाऱ्या कोचला असंच कळवतात. रेडिओवर लोक फोन करून बोलायचे. एक जण म्हणाला, "एवढी काळजी असेल तर त्यांनी पाळणाघर काढावं! दूध पाजायला आम्ही येऊ!" नोरीन रोज सकाळी फलक उपटायची आणि त्यांच्या लाकडावर शेकोटी पेटवायची. नोकरी गेली. त्यानंतर आयोवा, मग कॅन्सस, मग आणखी एक गाव ज्याचं नाव मलाही आठवत नाही. प्रत्येक वेळी कॉलेज आधीच्यापेक्षा लहान. मध्ये एकदा आयोवात ते जिंकले, मिरवणूक निघाली, पेपरात मोठा फोटो आला. पुढच्याच वर्षी पुन्हा मुलांना बसवण्यावरून भांडण झालं आणि पुन्हा सामान बांधावं लागलं. चार नोकऱ्या गमावणं त्यांना जमलं, मित्रांनो. एक वाक्य बोलणं मात्र जमत नव्हतं.

शेवटी ते एल्डनलाच परत आले आणि दुसऱ्याच्या हाताखाली सहायक म्हणून राहिले. तोवर व्हिडिओ आले होते. माझी रवानगी गॅरेजमध्ये झाली, रंगाच्या डब्यांच्या आणि गवत कापायच्या यंत्राच्या शेजारी. काचेवर धूळ बसली, आतला रबरी पट्टा कडक झाला, पोटात कोळ्याने घर केलं. त्या तेवीस वर्षांत बेंडरचं नाव कोचच्या घरात कुणी उच्चारल्याचं मी ऐकलं नाही.

कोच निवृत्त झाले. मुलीकडे ॲरिझोनाला जायचं ठरलं. मे महिन्यातल्या एका शनिवारी नोरीनने गॅरेजचं दार वर केलं आणि नको असलेलं सगळं सामान विकायला मांडलं. खुर्च्या, दिवे, भांडी, फिल्मचे डबे आणि मी. माझ्या डोक्यावर पाच डॉलरची चिठ्ठी चिकटवली. दहाच्या सुमारास एक निळा पिकअप आला आणि त्यातून एक उंच म्हातारा उतरला. लोक भांडी बघत होते, तो थेट माझ्यापाशी आला.

"चालतो का हो हा?" त्याने विचारलं.

कोच वळले आणि जागीच थांबले. "मिस्टर बेंडर."

"एमिट म्हणा आता. दोघांचीही मिस्टर म्हणायची हौस फिटली असेल." म्हातारा हसला. "डॅरिलसाठी बघतोय. हल्ली फार विचारतो, 'बाबा, मी खरंच खेळायचो, की मला बरं वाटावं म्हणून सांगता?' म्हटलं, तुमच्याकडे एखादी जुनी फिल्म असेल."

डब्यांवर तारखा होत्या. एमिटनी सातव्या सामन्याचा डबा उचलला. "हीच. यात तो शेवटपर्यंत उभा होता," ते म्हणाले. "एकदा लावून दाखवता का? घरी नेल्यावर चालला नाही तर त्याचा हिरमोड होईल."

कोचनी गॅरेजच्या भिंतीवर चादर टांगली. माझ्या पोटातला कोळी काढला. काच टायने पुसायला गेले, पण टाय नव्हता, मग शर्टाच्या टोकाने पुसली. मी खडखडत चालू झालो. भिंतीवर विशीतला डॅरिल धावला आणि एमिटनी मांडीवर थाप मारली. "बघा, बघा! तिघं लोंबकळताहेत आणि हा आपला चाललाय बैलासारखा!" तो जोड आला. टक् झालं आणि पुढे गेलं. एमिटना काहीच कळलं नाही, त्यांचे डोळे भरलेले होते. मला वाटलं, सुटलो. मी सुटलो आणि कोचही सुटले.

कोचनी माझी कळ बंद केली.

"काय झालं? बिघडला?"

"नाही. इथे साडेतीन फूट फिल्म कमी आहे."

"जुनी आहे हो. तुटायचीच."

"तुटलेली नाही. मी कापली." कोचचा आवाज इतका बारीक झाला होता की नोरीन दोन पावलं पुढे आली. "त्याला त्या शनिवारीच लागलं होतं, एमिट. डाव्या बाजूला. त्याला पट्टा लावता येत नव्हता. मी अकरा वेळा बघितलं आणि कापून टाकलं, म्हणजे डॉक्टर त्याला बसवणार नाहीत. त्याला जे झालं ते तुमच्या फांदीने झालं नाही. हॉस्पिटलमध्ये तुम्ही फांदीचं सांगितलंत तेव्हा मला हे माहीत होतं."

मला वाटलं, म्हातारा आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. एमिट विकायला ठेवलेल्या एका खुर्चीवर बसले आणि आपल्या हातांकडे बघू लागले.

"वर्ना जाऊन सहा वर्षं झाली," ते म्हणाले. वर्ना म्हणजे त्यांची बायको. "ती मला त्या फांदीवरून एका शब्दाने बोलली नाही. पण चर्चमध्ये माझ्या शेजारी बसायची नाही. मध्ये डॅरिलला बसवायची. सतरा वर्षं. आता हे मी कुणाला जाऊन सांगू, कोच?"

नोरीन रडत होती. तिने पुढे होऊन माझ्या डोक्यावरची चिठ्ठी ओढून काढली.

एमिट उठले. "उचला हा. गाडीत बसा. त्याला तुम्ही सांगायचं, मी नाही सांगणार."

डॅरिल त्रेचाळीस वर्षांचा होता. बापाने त्याची दाढी केली होती, भांग पाडला होता. कोचनी फिल्म लावली, जोडापाशी थांबवली आणि सगळं सांगितलं. डॅरिलने नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि खायला ॲपल पाय मागितला. कोचना वाटलं असेल की एक ओझं उतरलं. पण पुढच्या शनिवारी ते पुन्हा भेटायला गेले तेव्हा डॅरिलने बापाला विचारलं, "बाबा, मी खरंच खेळायचो?" त्याच्या डोक्यात काहीच उरलं नव्हतं. एमिटनी कोचकडे बघितलं आणि म्हणाले, "सांगा परत."

ॲरिझोनाला जाणं राहून गेलं. मी आता बेंडरांच्या बैठकीच्या खोलीत असतो. दर शनिवारी कोच येतात, फिल्म लावतात, जोडापाशी थांबतात आणि पहिल्यापासून सांगतात. दर शनिवारी डॅरिल ते पहिल्यांदाच ऐकतो. एकदा तो हसला. एकदा त्याने कपाने कोचचं कपाळ फोडलं. एकदा त्यानेच कोचच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना धीर दिला, आणि तो शनिवार कोचना सगळ्यात जड गेला. काल काय घडलं ते त्याला माहीत नसतं, म्हणून कालची माफीही आज चालत नाही.

मित्रांनो, जुनी यंत्रं नीट ठेवा, त्यांना तेलपाणी करा, हे सांगायला माझे भाऊबंद पुष्कळ आहेत. मी एवढंच मागतो की कुणाला लागलेलं तुम्हाला दिसलं, तर ते त्याच दिवशी सांगा. खेळ थांबला तर थांबू दे. मी बघितलं होतं, कोचनी बघितलं होतं, गिबने बघितलं होतं, आणि आम्हा तिघांपैकी एकानेही त्या मुलाला बाकावर बसवलं नाही.

गेल्या शनिवारी कोचचं सांगून झालं. डॅरिल चादरीवरच्या थांबलेल्या चित्राकडे बघत होता. मग अडखळत म्हणाला, "मग... मला बसवायचं होतंत ना."

"हो," कोच म्हणाले. "बसवायचं होतं."

"बरं," डॅरिल म्हणाला. "लावा पुढे. मी धावतो का बघू या."